ब्रोमोची कावड

चैत्रात मुंगी घाटात उभं राहिलं की अंगावर काटा येतो. शिखर शिंगणापूरच्या महादेवाकडे कावड वर चढत असते, खालपासून वरपर्यंत माणसांची साखळी लागलेली असते, आणि ‘म्हाद्या, धाव’ अशी आरोळी उठली की हात आपोआप पुढे होतात. मी सासवडचा. अठराव्या वर्षापासून त्या साखळीत आहे. नोकरीसाठी इंडोनेशियात, जावा बेटावर सुराबायाला आलो आणि लागोपाठ दोन चैत्र चुकले. जीव तळमळत होता. एका सहकाऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, आमच्याकडेही खांद्यावरून डोंगरावर नेतात, कसाडा महिन्यात, पौर्णिमेच्या सुमाराला, ब्रोमोवर.

ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. उंची २,३२९ मीटर, आणि जागा ज्वालामुखी. त्याच्या भोवतालच्या गावांत तेंगर लोक राहतात. आजूबाजूचा बहुतेक जावा मुसलमान झाला, हे मात्र हिंदू राहिले, आणि आपलं मूळ जावाच्या जुन्या मजपहित राज्याशी सांगतात. प्रोबोलिंगोहून गाडी वर चढायला लागली तशी त्यांची शेतं दिसू लागली. बटाटा, कोबी, पातीचा कांदा. उतार इतका उभा की तिथं बैल चालणं शक्य नाही, सगळं कुदळीचं काम. माती काळी आणि भुसभुशीत. मी गाडी थांबवून मूठभर हातात घेतली. राखच ती, शेतात मुरलेली.

ज्यांच्या घरी उतरलो त्यांना मी ‘पाक’ म्हणत असे. वडीलधाऱ्या पुरुषाला इथं तसंच म्हणतात. त्यांच्या पत्नीला ‘इबू’. दोघांच्याही अंगावर शालीसारखा सारोंग, मानेपाशी गाठ मारलेला. पाहुण्याला बैठकीत बसवायचं नाही, थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी न्यायचं, अशी तेंगरांची रीत. आमच्या आजीच्या घरीही जवळचा माणूस चुलीपाशीच बसायचा. मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

पाक पूजेच्या आदल्या पहाटे मला पनांजकानच्या टेकडीवर घेऊन गेले. खाली एक प्रचंड कढई, सुमारे १० किलोमीटर रुंद. फार पूर्वीचा एक मोठा ज्वालामुखी खचून ती झाली, आणि तिच्या पोटातून हे नवे डोंगर उगवले. बटोक हिरवा, पन्हळी पत्र्यासारख्या घळी पडलेला. त्याच्या शेजारी करडा, उघडा ब्रोमो, तोंडातून पांढरी वाफ सोडणारा. आणि सगळ्यांच्या मागे, दक्षिणेला, सेमेरू. ३,६७६ मीटर, जावातला सर्वांत उंच. बघता बघता त्यानं राखेचा एक गोळा वर सोडला. तो हळूहळू फुलत गेला आणि वाऱ्यानं एका बाजूला झुकला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये याच सेमेरूनं ५० हून अधिक माणसं नेली. आमचा पुरंदरही लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. इथं अजून काम चालू आहे.

पाकनी तिथंच सेमेरूची गोष्ट सांगितली. जावा बेट समुद्रावर तरंगत होतं, डुलत होतं. बटारा गुरूंनी, म्हणजे आपल्या शंकरानं, देवांना सांगितलं, जंबुद्वीपातला महामेरू उचलून आणा आणि या बेटावर ठेवा. विष्णू कासव झाला, ब्रह्मा नाग झाला, आणि पर्वत पाठीवर निघाला. आधी पश्चिमेला ठेवला तर बेट त्या अंगाला कललं. मग पूर्वेकडे नेऊ लागले. वाटेत ढेकळं सांडत गेली, त्यांचे लावू, विलिस, केलूद, अर्जुनो असे डोंगर झाले. उरला तो सेमेरू. जंबुद्वीप म्हणजे भारत, तुमच्याकडचाच डोंगर हा, असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र घाटातली कावडच होती. कावड एका अंगाला गेली की पुढचा ओरडतो, मागचा खांदा बदलतो, आणि तोल पुन्हा मधोमध येतो. देवांनाही तेच करावं लागलं.

रात्री बाराच्या सुमारास आम्ही खाली वाळूच्या मैदानात उतरलो. थंडी हाडांत शिरत होती. चांदणं इतकं की बॅटरी लागलीच नाही. या मैदानाला वाळूचा समुद्र म्हणतात, आणि पायाखाली खरंच करकर वाजणारी काळी वाळू. घोडे होते, जीपगाड्यांची रांग होती, पण पाक पायीच निघाले. पुढे गावाची ओंगकेक. बांबूची दांडी, दोन्ही टोकांना बांबूच्याच कमानी, त्यांवर कोबी, गाजरं, कांद्याची पात, बटाटे, केळी आणि झेंडू बांधलेले. मधूनमधून एक बारीक, कागदासारखं कोरडं फूल. त्याला ते ‘तन लायू’ म्हणतात, न कोमेजणारं. डोंगरावरून ते तोडायला आता बंदी आहे, म्हणून वोनोकित्री गावात त्याची रोपं लावतात. ज्याच्या खांद्यावर ओंगकेक होती तो पंचविशीतला पोरगा. दांडीखाली त्यानं दुमडून सारोंग घेतला होता. अगदी आमच्यासारखा. मी हात लावू का, असं विचारलं नाही. चालता चालता परक्यानं कावडीला हात घातला तर कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे.

ब्रोमोच्या पायथ्याशी पोतेनचं मंदिर आहे. गावोगावच्या ओंगकेक तिथं जमल्या. धुपाचा वास, गामेलानचा, म्हणजे जावातल्या घंटा-झांजांच्या वाद्यमेळाचा, नाद. तेंगरांच्या पुजाऱ्याला ‘दुकुन’ म्हणतात, आणि नवा दुकुन व्हायचं तर याच रात्री सगळ्यांसमोर पाठ केलेले मंत्र म्हणून दाखवायचे. एक तरुण मंत्र म्हणत होता तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर पुटपुटत होती.

कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल नव्हतं. डोंगराला नवस केला, २५ मुलं झाली, आणि बोलल्याप्रमाणे धाकटं द्यायची वेळ आली तेव्हा आईबापाचं मन होईना. शेवटी डोंगरानं त्या धाकट्या मुलाला, कुसुमाला, ओढून घेतलं. आतून त्याचा आवाज आला, तुम्ही सुखी राहा, दर कसाडाला पिकातलं काही मला आणून द्या. तेंगर हे नावही त्या आईबापाच्या नावांतूनच जुळवलेलं, आंतेंगमधलं तेंग आणि सेगेरमधलं गेर.

पहाटे चढण सुरू झाली. शेवटी अडीचशेच्या आसपास पायऱ्या, गंधकाचा वास नाकात आणि घशात. वर पोचलो तर कड अरुंद, आणि पलीकडे थेट पोकळी. खालून मोठा भाता चालावा तसा एकसारखा घोष. ओंगकेक सोडल्या गेल्या. कोबीचे गड्डे, बटाटे, नाणी, एक जिवंत कोंबडी, सगळं आत. आणि त्या आतल्या घसरत्या उतारावर माणसं उभी होती, लांब काठ्यांना जाळी बांधून, सारोंग पसरून. वरून पडणारं ती झेलत होती. मला पहिल्यांदा धस्स झालं. देवाचं असं कसं घेतात? पाकनी माझा दंड धरला. म्हणाले, कुसुमाला पोचलं. तोच त्यांना देतो. कोंबडी एका पोराच्या जाळीत अडकली तेव्हा कडेवरची माणसं खुशीनं ओरडली, टाकणारा सगळ्यांत मोठ्यानं.

पाकनी खिशातून एक बटाटा काढून माझ्या हातात ठेवला. त्यांच्या शेतातला, अजून माती लागलेला. २०१० साली नोव्हेंबरात ब्रोमो उठला आणि महिनोन्‌महिने राख पडत राहिली, त्यांचं उभं पीक तिच्याखाली गेलं. त्याच शेतातला हा बटाटा. मी डोळे मिटले. दुसरं काही सुचेना, ‘हर हर महादेव’ म्हटलं आणि टाकला. तो कुणी झेलला की खाली गेला, ते धुरात दिसलं नाही.

परत आल्यावर इबूनं चुलीतले भाजलेले बटाटे, मीठ आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. पाक विचारत होते, तुमच्या ओंगकेकमध्ये काय असतं?

“पाणी,” मी म्हणालो. “आमच्या कऱ्हा नदीचं. दोन मोठ्या कळशा.”

“डोंगराला पाणी?”

मी त्यांना माण तालुक्याचं सांगितलं. तिथला उन्हाळा, आटलेल्या विहिरी, चैत्रात तापलेला तो काळा घाट. त्यांनी इबूला त्यांच्या भाषेत सगळं समजावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझा रिकामा पेला उचलून चहा ओतताना म्हणाली, “जड असेल. सांडत नाही ना वाटेत?”