स्लो कुकरमधले काळे बीन्स आणि मंगळवारचे टॅको : माझा अनुभव

आमच्याकडे वर्किंग डेला संध्याकाळी सहा ते साडेसात म्हणजे नुसती धावपळ. बायको न्यूयॉर्कहून ट्रेननं येते, साडेसातच्या आत कधीच नाही, पोरीचं स्विमिंग, पोराला शाळेतून आल्या आल्या भूक, आणि वीकडेजचा स्वयंपाक माझ्याकडे. न्यू जर्सीत एडिसनला, देशी वस्तीत राहतो त्यामुळे तयार पोळ्यांपासून डब्यापर्यंत सगळं विकत मिळतं हे खरंय, पण रोज रोज बाहेरचं नको वाटतं आणि खिशालाही चाट बसते. तर आता दर मंगळवारी स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं) बीन्स लावायचे आणि त्याचे टॅको, म्हणजे मक्याच्या पोळीत सारण घालून खायचा मेक्सिकन प्रकार, करायचे असं बसवलंय. ऑफिसातले दोघंतिघं विचारतात आणि मी दर वेळी कॉफी मशिनपाशी अर्धंच सांगतो, म्हणून एकदाचं नीट लिहून काढतोय.

पहिली शंका अर्थातच आईची. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे भिजवलेले असले की पाच-सहा शिट्ट्यांत होतात, आठ तास कसले शिजवतोस?" तिचं चूक नाहीये. पण शिट्ट्या मोजायला घरात माणूस लागतो आणि नेमका त्या वेळेला आमच्या घरातला माणूस स्विमिंग पूलच्या बाकावर टॉवेल धरून बसलेला असतो. टायमरवाला इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा प्रेशर कुकर, हा प्रकारही आहे, तो वाईट नाही, पण त्यातल्या बीन्सना ती मुरलेली चव येत नाही असं माझं मत (बायकोला फरक कळत नाही, असो). स्लो कुकर लो वर, म्हणजे मंद आचेवर, साधारण दोनेकशे वॅट खातो, म्हणजे दिवसभर चालला तरी दीडेक युनिट.

आणि गंमत म्हणजे हे यंत्र मुळात बीन्ससाठीच निघालंय. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या माणसानं 1940 साली पेटंट घेतलं. त्याची आई लिथुआनियातल्या तिच्या घरच्या गोष्टी सांगायची, ज्यू लोकांत शनिवारी चूल पेटवत नाहीत म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच बीन्सचं भांडं बेकरीवाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचे, रात्रभर त्या उरलेल्या धगीवर ते शिजायचं. त्यावरून पठ्ठ्यानं विजेवरचं भांडं काढलं आणि विकलं ते 'बीनरी' म्हणूनच. पुढे 1970 मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा घेतला आणि 1971 ला तेच क्रॉक-पॉट नावानं बाजारात आलं.

पण एक गोष्ट ह्या सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेटवरच्या निम्म्या रेसिप्यांत ती नसते, "डंप अँड गो" म्हणून कच्चे बीन्स थेट टाकायला सांगतात. राजमा, पिंटो, काळे बीन्स, आपला श्रावण घेवडा हे सगळं एकाच जातीचं झाड, आणि त्यांच्या दाण्यात एक लेक्टिन (एका प्रकारचं प्रथिन) असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पण काळ्यात आणि पिंटोतही असतं. ते नीट खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. उकळीच्या खाली, ऐंशी डिग्रीच्या आसपास रेंगाळलं तर कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतं, चार-पाच दाणे पोटात गेले तरी दोन-तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. आणि स्लो कुकर लो वर किती तापतो हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं, काही तर तासन् तास उकळीच्या खालीच राहतात. प्रेशर कुकरच्या जोरावर वाढलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो, कारण तिथे आपोआप सुटतो. अमेरिकेचं अन्न-औषध खातं, एफडीए, किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात अर्धा तास उकळा म्हणतं. मी लाल राजमा ह्यात करतच नाही, तो आपला शिट्ट्यांचाच बरा. काळ्यांनाही उकळी मात्र दिल्याशिवाय सोडत नाही.

तर माझं असं चालतं. सोमवारी रात्री भांडी झाली की एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम काळे बीन्स निवडून धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालायचे आणि त्यात एक मोठा चमचा मीठ. मिठानं बीन्स कडक राहतात हा आमच्या घरातला पक्का समज होता, पण भिजवताना मीठ घातलं की उलट सालं मऊ पडतात आणि फुटत नाहीत. कडक राहतात ते आंबटानं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर हे काहीही सुरुवातीला घालायचं नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत दाणा तसाच टणक. सकाळी मुलांचे डबे भरता भरता दुसऱ्या शेगडीवर पाणी बदलून बीन्स खळखळ उकळत ठेवायचे, चहा, दात घासा, बूट कुठे गेले हे सगळं होईस्तोवर अर्धा तास जातोच, वेगळा असा वेळ द्यावा लागत नाही. फेस वर येतो काळपट जांभळा, तो चमच्यानं काढून टाकायचा. मग निथळून स्लो कुकरमध्ये, वर दोन बोटं येईल इतकं गरम पाणी (गारच घातलं तर तापायलाच त्याला तासभर जादा लागतो), अर्धा कांदा अख्खा, पाच-सहा लसूण पाकळ्या, थोडं जिरं, डब्यातली एक चिपोटले मिरची. ही म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली, डब्यात ती आंबटगोड सॉसमध्ये असते, तेवढ्या थेंबभर आंबटानं काही होत नाही. झाकण, लो, आठ तास, आणि मी ट्रेनला. झाकण मधे उघडून बघायचं नाही हे घरून काम असेल त्या दिवशी फार जड जातं, एकदा उघडलं की पंधरा-वीस मिनिटांची धग गेली.

काळेच बीन्स का तर त्याला कारण न्यू ब्रन्सविकची फ्रेंच स्ट्रीट. आमच्यापासून गाडीनं जवळच, आणि तिथे मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली खूप माणसं आहेत. मेक्सिकोच्या उत्तरेकडे पिंटो चालतात, वाहाकाकडे काळे. तिथल्या एका छोट्या दुकानात गल्ल्यावर एक मावशी बसतात, माझं स्पॅनिश म्हणजे ग्रासियासपुरतं (थँक यू) आणि त्यांचं इंग्लिश त्याहून थोडं जास्त, पण मी बीन्सची पिशवी ठेवली की त्या न विचारता मागे हात घालून वाळक्या पानांची पुडी काढून पुढे सरकवतात. अव्होकाडोची पानं. दोन पानं तव्यावर जरा शेकून बीन्समध्ये टाकली की चक्क बडीशेपेसारखा वास येतो. पहिल्यांदा पोरीनं भांड्यात नाक घालून विचारलं, मुखवास सांडला का ह्यात? दुसरं त्या देतात ते एपासोटे, तो जरा उग्र पाला, रॉकेलची आठवण होईल असा, पण पोट फुगू नये म्हणून तिकडे बीन्समध्ये घालतातच, आपण ओवा-हिंग घालतो तसं. नाही मिळाला तर चिमूटभर ओवा मी बिनधास्त टाकलाय.

संध्याकाळी घरी आलो की कांदा आणि पानं काढून टाकायची, दोन डाव बीन्स वाटीत घेऊन रवीनं घुसळून परत आत, की रस्सा दाट होतो. आता मीठ, आता लिंबू. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा बसला पाहिजे, पण भांड्यात अख्खा दिसला पाहिजे. घाई असेल तर डब्यातले रिफ्राइड बीन्स (शिजवून घोटून परतलेले) हा शॉर्टकट आहेच, फक्त शाकाहारी असाल तर डबा उलटा करून वाचा, बऱ्याच ब्रँडांत डुकराची चरबी असते, 'व्हेजिटेरियन' लिहिलेला वेगळा मिळतो.

टॉर्टिया, म्हणजे टॅकोच्या पोळ्या, मी मक्याच्याच आणतो, त्याच दुकानातून. घरी करून बघायच्या असतील तर आपल्या मक्याच्या पिठाच्या होत नाहीत, फाटतात. त्यांचं पीठ चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, सालं काढून दळलेलं असतं, मासा हारिना म्हणून पिशवी मिळते, त्याला चिकटपणा असतो. विकतच्या टॉर्टिया मायक्रोवेव्हला घालू नका, चामडं होतं. फुलक्यासारख्या थेट गॅसवर चिमट्यानं उलटसुलट, कडा जराशा करपल्या की पोळीच्या डब्यात फडक्यात गुंडाळून. हे काम माझा मुलगा करतो आणि त्याबद्दल त्याला भयंकर अभिमान आहे.

वरून काय घालायचं ते घरातल्या शिल्लक साहित्यावर. बारीक चिरलेला कोबी लिंबू-मीठ चोळून, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर-हिरवी मिरची (आपल्या कोशिंबिरीत नि ह्यात दह्या-दाण्याच्या कुटाचाच काय तो फरक), अव्होकाडो स्वस्त असेल तर तो, आणि केसो फ्रेस्को (मेक्सिकन ताजं चीज) नसलं तर पनीर कुस्करून. रस्सा टॅकोत घेऊ नका, झाऱ्यानं निथळून घ्या, नाहीतर कोपरापर्यंत ओघळ.

एक पौंडाचे शिजून सहाएक कप होतात, म्हणजे चौघांत एका बैठकीत संपत नाहीत. बुधवारी तेच भातावर, बायको वरून लसणीची फोडणी देते आणि त्याला सरळ उसळ म्हणते. उरलेले रश्शासकट डब्यात भरून फ्रीजरला, सुके ठेवले तर सालं तडकतात. डब्यावर तारीख मात्र लिहा, आमच्या फ्रीजरमध्ये काळे बीन्स आणि खजूर-चिंचेची चटणी बाहेरून अगदी सारखी दिसते.