आरतीची वही, नोंद सहावी: ‘ऱ’ सापडला, बारावा गडी हरवला

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला. आज ३ ऑगस्ट २०२५, रविवार. मागच्या नोंदीत माझ्या आरत्यांच्या ॲपबद्दल ‘शोध व्यवस्थित चालतो’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, ते मागे घेतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: आजोबांच्या वहीतल्या ६४ आरत्या मोबाइलवर आणायच्या, नेट नसतानाही दिसल्या पाहिजेत, आणि घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) वाजायला लागलं की पुढची आरती दोन सेकंदांत सापडली पाहिजे. फ्लटर या गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात करतोय, फक्त अँड्रॉइडसाठी. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे वर्षाला ९९. चवथीच्या छंदाला दुसरा आकडा परवडत नाही.

तर गेल्या आठवड्यात गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर सराव होता. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) वाजवणाऱ्या मुलाने ‘साऱ्या’ टाइप केलं. ॲप म्हणालं, काही नाही. आणि ती आरती वहीत त्याच्या मांडीवर उघडी! ‘दादा, तुझ्यापेक्षा वही बरी,’ म्हणाला.

घरी येऊन अक्षरांचे कोड उघडून बघितले. अर्ध्या आरत्या मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप केल्या होत्या. तिथे शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की अख्खा ‘ऱ’ मिळतो; युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकयादीत तो यू+०९३१. उरलेल्या चुलतबहिणीने फोनवर टाइप केल्या. तिच्या कीबोर्डने साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, घातलं होतं. पडद्यावर दोन्ही ‘साऱ्या’ हुबेहूब सारखे, आत मात्र वेगळे. तिसरीही तऱ्हा असते: ‘र’ आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या तऱ्हांना एक रूप देणं, पहिली आणि तिसरी तऱ्हा एक करतं, कारण यू+०९३१ ची फोड ‘र’ अधिक नुक्ता हीच आहे. झेडडब्ल्यूजेवाल्या तऱ्हेला ते हात लावत नाही. तिथे मी अडकलो होतो, कारण एनएफसी केलं की सगळं सुटलं असं धरून चाललो होतो. शिवाय फ्लटर ज्या भाषेत चालतं त्या डार्टच्या मूळ लायब्ररीत नॉर्मलायझेशन नाहीच. शेवटी दोन ओळींत भागवलं: र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ-हलन्त करायचं, र-नुक्ता दिसलं की ऱ. मजकुरावर एकदा, शोधपेटीत टाइप केलेल्यावर एकदा. शोधपेटीचं मी आधी विसरलो, आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

हाच धागा ओढत गेल्यावर ‘ल’ आणि ‘श’ दिसले. नोटो सान्स देवनागरी या माझ्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल-श आहेत, पण मजकूर मराठी आहे हे फॉन्टला सांगावं लागतं. माझा फोन इंग्रजीत, ॲपही फोनची भाषा उचलत होतं, म्हणून सगळीकडे हिंदी वळणाचा ‘ल’. लोकेल, म्हणजे ॲपची भाषेची खूण, ‘एमआर’ (मराठी) केलं आणि पान एकदम ओळखीचं वाटायला लागलं. आजोबांना न सांगता दाखवलं, तर म्हणाले, ‘आता वाचता येतं.’ पाच नोंदी मी रंग बदलत बसलो होतो!

जूनपासून जो तो ॲपलच्या लिक्विड ग्लासवर, म्हणजे पडद्याच्या काचेसारख्या पारदर्शक नव्या रूपावर, बोलतोय. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखाली), समईच्या उजेडात, मागचं दिसणाऱ्या काचेवर आरती वाचून दाखवा, मग बोलू.

माझ्या कामाची बातमी दुसरीच. ३१ ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट द्यायचं तर लक्ष्य एपीआय ३५, म्हणजे अँड्रॉइड १५ लागेल. ते आत्ताच केलं, आणि अँड्रॉइड १५ च्या फोनवर प्रत्येक आरतीची शेवटची ओळ खालच्या बटणांमागे गेली. ३५ केल्यावर ॲप काठापासून काठापर्यंत पसरतं. फ्लटरचा सेफएरिया, म्हणजे कडेला जागा सोडणारा घटक, गुंडाळला, पाच मिनिटांत ओळ वर आली.

आता रडगाणं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या प्ले स्टोअरच्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी लागते: १२ जण, सलग १४ दिवस. आधी २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले. आमच्या आरतीमंडळात माणसं मोजून १२. नवव्या दिवशी कासाळेवाल्याने (मोठ्या झांजा वाजवणाऱ्याने) ‘चाचणीतून बाहेर पडा’ दाबलं. का, तर ‘चाचणी’ म्हटल्यावर पैसे कापतील असं त्याला वाटलं. चूक माझीच, नीट समजावलं नव्हतं.

मोजणी आजपासून पुन्हा. यावेळी १५ जण घेतलेत, त्यात मावशी आणि तिच्या दोन मैत्रिणी. १७ ला दिवस भरतील, मग ॲप खुलं करायचा गूगलकडे अर्ज, आणि तो तपासायला साधारण आठवडा. म्हणजे २४. तोवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवायची फाइल, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलीय, वहीलाही नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलंय.