ण पाटणचा

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. सकाळची पाटण–कराड गाडी, बाहेर धो धो पाऊस, सगळ्या काचा लावलेल्या. पाटण स्थानकात एका बापानं सहा वर्षांच्या पोराला दारातून वर चढवलं आणि मला म्हणाला, "मॅडम, मल्हारपेठला ह्याचा मामा हुबा आसंल, तेवढं ध्यान ठिवा." नवा गणवेश, केसाला तेल. मी त्याला खिडकीशी बसवलं, मशीनमधून अर्धं तिकीट काढून त्याच्या खिशात ठेवलं आणि पुढं गेले. मल्हारपेठ आलं. मी हाक दिली तरी पोरगं उठेना. जवळ जाऊन बघते तर पँट ओली, बाक ओला आणि तो मांड्या आवळून समोर बघत बसलेला.

"आरं बाळा, सांगायचं न्हाईस का?"

तो म्हणाला, "कुणाला?"

माझ्या पिशवीतला टॉवेल त्याच्या कमरेला गुंडाळून मी त्याला मामाच्या हाती दिला. पण तो "कुणाला?" माझ्याबरोबर घरी आला. मी एसटीत वाहक आहे, नऊ वर्षं झाली. जूनमध्ये दप्तरं घेऊन चढणारी किती पोरं पाहिली असतील. आमची ओवी तेव्हा पावणेपाच वर्षांची होती, अंगणवाडीत जायची, आणि पुढच्या जूनमध्ये तिचीच पाळी होती.

ओवीचा जन्म नोव्हेंबर २०१९ चा. आपल्याकडं ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या वर्षी पहिलीत बसतं, म्हणजे १६ जून २०२५ ला ती साडेपाच वर्षांची होऊन जेमतेम महिनाच झालेला असणार. तिचे पप्पा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत, महिन्यातून दोनदा गावी येतात. ते फोनवर म्हणायचे, "एक वर्स थांबू. बारकी हाय." मलाही कधी कधी तसंच वाटायचं. शेवटी अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जन्मतारीख मला नका दाखवू. ती सोताचं सोता काय काय करती ते आठ दिस नीट बघा आन् मग या."

आठ दिवस बघितलं. जेवताना तिला आज्जी भरवते. चपला आबा घालून देतात. नाडी मी बांधते. आणि तिला काही हवं असलं की ती आमच्यातल्या कुणाकडं तरी नुसतं बघते. आम्हाला कळतं आणि आम्ही देतो. ती मागतच नाही, कारण मागायची वेळच कधी आलेली नाही.

यातलं काही मी लगेच हातात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी घेतली उजळणीची वही. मार्चमध्ये कराडहून आणली आणि ड्युटीवरून आल्यावर रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायला लागले. अ काढ, आ काढ, रेषेच्या वर जाऊ नको. दिवसभर उभी राहिलेली मी आणि दिवसभर खेळून दमलेली ती. पाचव्या दिवशी तिनं पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं आणि कागद फाटला. मी ओरडले. ती रडतसुद्धा नव्हती, नुसता उजवा हात डाव्या हातात धरून बसली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून उठल्या आणि वही उचलून फडताळावर टाकली. "तिच्या बोटात आजून जोर न्हाय. आदी बोटं हुंद्यात."

त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण पुढं ताईंनीही मला तेच सांगितलं. अक्षर गिरवायच्या आधी चिमटीत बळ यावं लागतं. मग एप्रिलभर ओवी आज्जीबरोबर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. सुरुवातीला दातानं, मग दोन्ही हातांनी, आणि महिनाअखेर अंगठा आणि तर्जनीनं कट्ट करून. सकाळी अंगणात रांगोळीची चिमूट सोडायची. कणकेचे साप करायची. करवंदं निघाली तेव्हा पानाचा द्रोण करून त्याला काडी टोचायला आबांनी शिकवलं. माझ्या मशीनचे तिकिटांचे रोल संपले की आतल्या नळ्या मी घरी आणायचे, त्या ती सुतळीत ओवायची. दहा झाल्या की गाठ. तिला शंभरपर्यंत म्हणता येत नाही, पण दहाची माळ किती लांब होते ते तिला न मोजता कळतं.

अक्षरं तिची तीच शिकली आणि तीही भलत्याच टोकाकडून. सुट्टीच्या दिवशी मी तिला स्थानकावर घेऊन जायचे. फलाटावर गाडी लागली की पुढची पाटी वाचून दाखवायची ही माझी सवय. एक दिवस चिपळूणची गाडी आली आणि ती पाटीकडं बोट करून म्हणाली, "ह्याच्यातबी आपल्या पाटणचं शेवटचं हाय." मला आधी कळेना. मग पाहिलं. पाटणचा ण आणि चिपळूणचा ण! ण नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणून तक्त्यावर बिचारा बाणाच्या शेपटाला लावलेला असतो. ओवीला सगळ्यात आधी तोच ओळखता आला, कारण तिच्यासाठी तो पाटणचा होता. त्यानंतर कराडचा क कोयनानगरात सापडला, साताऱ्याचा रा कराडात. वही आजही फडताळावर आहे. मी ती काढली नाही.

एप्रिलमध्ये गावच्या शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा झाला. 'पहिले पाऊल' म्हणून हे अभियान आपल्याकडं २०२२ पासून चालतं. पहिलीत येणाऱ्या पोराला सात टेबलांवरून फिरवतात. नाव नोंदवायचं, मग उड्या, चेंडू, आखलेल्या रेषेवरून चालणं, मग लहानमोठ्या वस्तू क्रमानं लावणं, मग स्वतःविषयी बोलणं, मग चित्र बघून गोष्ट, मग कमी-जास्त आणि आकडे, आणि शेवटच्या टेबलावर आयांना कागद देऊन घरी काय काय करून घ्यायचं ते सांगणं. ज्यांना वाटतं ही परीक्षा आहे, त्यांनी एकदा जाऊन बघावं. पोरं खेळत असतात आणि बाई विकासपत्रावर खुणा करत असतात.

ओवी रेषेवरून सरळ चालली. दगड लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, वर बाईंना म्हणाली हे दोन सारखेच आहेत. आणि चौथ्या टेबलावर बाईंनी विचारलं, "तुझं नाव काय? तुला काय आवडतं?" तर ती माझ्या कमीजमागं गेली. बाईंनी थांबून बघितलं. पुन्हा विचारलं. कमीज इतकं घट्ट धरलेलं की शिवण उसवली. तेवढीच खूण राहिली तिच्या पत्रावर आणि मला तो मल्हारपेठचा पोरगा आठवला.

मग मे महिना आम्ही एकाच कामाला लावला. अनोळखी माणसापुढं तोंड उघडायचं.

पहिल्यांदा गावातलं दुकान. दुकानदाराला मी आधीच सांगून ठेवलं होतं की ती बोलल्याशिवाय काही द्यायचं नाही. पहिल्या दिवशी ती दहाची नोट मुठीत घेऊन गेली आणि तशीच मुठीत घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशीही. आत्याबाई चिडल्या, "कशाला लेकराचा जीव घेतीस?" तिसऱ्या दिवशी ती काडेपेटी घेऊन आली. साखर आणायला पाठवली होती, पण काडेपेटी हा शब्द तिच्या तोंडून निघाला होता, आणि त्या दिवशी मी बिनसाखरेचा चहा फार आनंदानं प्यायले.

मग साप्ताहिक सुट्टीला कराड. माझ्याच मार्गावर, पण दुसऱ्या वाहकाच्या गाडीत, मी साधी साडी नेसून. एसटीत पाच वर्षांपुढं बारापर्यंत अर्धं तिकीट लागतं, म्हणजे नोव्हेंबरपासून ती रीतसर प्रवासी. तिकीट तिनं स्वतः मागायचं ठरलं होतं. सहकारी जवळ आले, मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले. बराच वेळ काही ऐकू येईना. मग अगदी बारीक आवाजात, "येक आरदं. कराड." त्यांनी तिकीट तिच्या हातात दिलं आणि सुट्टे पैसेही तिच्याच हातात मोजले.

कराड स्थानकात तिला चौकशीच्या खिडकीपर्यंत नेलं आणि मागं उभी राहिले. खिडकी तिच्या डोक्याच्या वर. तिनं टाचा उचलल्या आणि विचारलं, "लगवीला कुठं जायाचं?" घरी आम्ही शू म्हणतो. शाळेत कोणता शब्द चालेल याचा मी आधी विचार करत बसले होते, मग तिला सांगितलं की जो तोंडाला येईल तो म्हण, पण म्हण.

जेवणाचं त्याहून अवघड गेलं, कारण तिथं बदलायचं होतं आज्जीला. शाळेत दुपारी पोषण आहार असतो, पोरं पंगतीत बसतात आणि आपली आपण जेवतात. तिथं भरवायला कोण येणार? मी आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी ओवीचं ताट वाढलं आणि उठून दारात जाऊन बसल्या, पाठ आमच्याकडं करून. समोर बसल्या तर हात आपोआप पुढं जाईल म्हणाल्या. ओवीनं अर्धा भात सांडला, आमटी कोपरापर्यंत आली, जेवायला पाऊण तास लागला. आत्याबाईंनी एकदाही मागं बघितलं नाही. मला वाटतं, आमच्या घरात ह्या शाळेसाठी सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर त्यांनी.

दप्तराचं थोडक्यात सांगते. आबांनी हौसेनं भलंमोठं दप्तर आणलं. ओवीचं वजन सोळा किलो, आणि दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांवर असू नये असा नियम आहे, म्हणजे झालं एक किलो सहाशे ग्रॅम. दुकानातल्या काट्यावर ते रिकामंच किलोभर भरलं. पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळतात, ताट आणि पाण्याची बाटली एवढंच न्यायचं. साधी कापडी पिशवी शिवून घेतली. मोठ्या दप्तरात आता बी-बियाणं आहे.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. आबा आणि ओवी रोज सकाळी शाळेपर्यंत चालत जायची तालीम करणार होते, ती आठ दिवस बंद पडली. मग चिखलातूनच केली, आणि ते एका अर्थी चांगलं झालं, कारण जून-जुलैत आमच्याकडं दुसरा रस्ता नसतो. ओढ्यापाशी थांबायचं, आबांचा हात धरायचा, पाणी फरशीपुलावरून जात असेल तर घरी परतायचं. तिला तिचं पूर्ण नाव, गाव आणि आबांचा नंबर पाठ आहे. नंबर तिनं चालीवर बसवलाय, मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो.

१६ जूनला मी रजा घेतली नाही. शाळा उघडायच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि कुणाची ना कुणाची लेकरं माझ्या भरवशावर चढतात. पहाटे निघताना ती झोपेत होती. आबांनी नंतर फोटो दाखवले. दाराला आंब्याचं तोरण, बाईंनी ओवाळलेलं, हातात गुलाबाचं फूल, कागदावर कुंकवाच्या पाण्यात बुडवलेल्या पावलांचे ठसे.

संध्याकाळी मी घरात शिरले तर ती नुकतीच मोरीतून बाहेर येत होती. आत्याबाई म्हणाल्या, दारात पिशवी टाकून धावत गेली. म्हणजे दिवसभर आवरून धरलं होतं. माझे हातपायच गळाले. इतकं सगळं करून तेच?

"बाईंना सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. बाई म्हणाल्या जा."

"मग?"

"आतली कडी लागत न्हाय."

कडी वर होती, गंजलेली, आणि पोरींचा हात पुरत नव्हता. आमच्या घरी पडदा आहे. कडी लावायची तालीम आम्ही केलीच नव्हती, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सकाळी आबांना मुख्याध्यापकांकडं पाठवणार होते. आबा म्हणाले, "थांब, तिला सांगू दे." मला ते पटलं नाही, पण मी पाचला निघाले आणि ते राहिलं.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच धावत घरी आली. तिसऱ्या दिवशी तिनं बाईंना सांगितलं की कडी लागत नाही, कुणीतरी भाईर हुबं ऱ्हावा. बाईंनी जोड्या लावून दिल्या. दोघींनी जायचं, एकीनं आत, एकीनं दाराशी. कडीसुद्धा आठवड्यात खाली बसवून झाली, पण जोड्या पोरींनी मोडल्या नाहीत.

ओवीच्या जोडीची मुलगी अंधाराला घाबरते. ती आत गेली की तिला सारखं कळत राहावं लागतं की बाहेर कुणीतरी आहे. म्हणून ओवी दाराला पाठ लावून उभी राहते आणि माझ्यासारखा आवाज काढून मोठ्यानं म्हणत राहते, पाटण, नवारस्ता, मल्हारपेठ, निसरे, सुपने, विजयनगर, कराड.