तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरीण

गावाकडं गेले की भावकीतल्या अकरावी-बारावीच्या पोरी हमखास विचारतात, ताई तुला कधी कळलं गं आपल्याला डॉक्टर नाही व्हायचं ते? परवा इन्स्टावर पण एकीनं हेच विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मला कळलंबिळलं काही नाही. माझा नंबर लागला नाही, बस.

आमचं गाव औशाजवळ. दहावीला 94 टक्के पडले आणि त्याच संध्याकाळी आज्जी मला डॉक्टरीण म्हणायला लागली, मग चुलते, मग किराणावाले काका, आणि मी पण वहीच्या मागच्या पानावर पुढं डॉ. लावून सही गिरवायला लागले. लातूर पॅटर्न काय असतो ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, पहाटे क्लास, मेस, रीडिंग रूम, रविवारी टेस्ट आणि मग भिंतीवर रँकची लिस्ट. तिथं नावानं कोण ओळखत नव्हतं, "ती पाचशेवाली", "ती रिपीटर" असंच. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, मला 720 पैकी 391 पडले, मग एक वर्ष ड्रॉप, मग 436. बाबा काहीच बोलले नाहीत, सोयाबीनचा सगळा पैसा त्यात गेला होता तरी, आणि तेच जास्त लागलं.

मग संभाजीनगरला बी.एस्सी. केमिस्ट्री. आवड वगैरे नाही हं, बायोलॉजीचं पुस्तक बघितलं तरी पोटात गोळा यायचा म्हणून. रिपीटर होते हे मी वर्षभर लपवलं. रूममेट नाशिकची, माझं "काय करायलीस" ऐकून खदखदा हसायची, म्हणून मी जपून जपून बोलायला लागले, तर सुट्टीत घरी काकू म्हणाली, लई पुस्तकातलं बोलायलीस गं! इकडं पण परकी, तिकडं पण.

हॉस्टेलला एक सायकॉलॉजीवाली होती, तिनं जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाचं 1966 चं काम सांगितलं. त्यात ओळख घडण्याच्या चार अवस्था आहेत, त्यातली एक फोरक्लोजर, म्हणजे स्वतः काही धुंडाळायच्या आधीच दुसऱ्यांनी ठरवलेलं आपलं मानून मोकळं होणं. मला आधी होमलोनचंच वाटलं, पण बरोबरच आहे की, मुदतीआधी खातं बंद! दुसरी मोरेटोरियम, म्हणजे अजून ठरलेलं नाही, शोधणं चालू. आता ते त्यानं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर बघितलेलं, नुसत्या मुलांवर, मुली नव्हत्याच त्यात. असत्या तर त्याला कळलं असतं, आमच्याकडं मोरेटोरियम बायोडाटा फिरायला लागेपर्यंतच असतो.

पण लॅबमध्ये एक झालं. टायट्रेशनला, म्हणजे एका द्रावणात दुसरं सोडून त्याचं प्रमाण काढायचं असतं तेव्हा, ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडताना एका थेंबाला फिकट गुलाबी रंग येतो आणि टिकतो, अजून एक पडला की गडद होतो, म्हणजे गेलं, परत पहिल्यापासून. तो थेंब मला सापडायचा. पोरी हाक मारायच्या, ए तू ये गं, तुझा हात चांगलाय. मार्क न विचारता कोणी तरी मला बोलावत होतं.

आता वाळूजला एका औषध कंपनीत क्यूसीला आहे, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायला, एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर. पहिल्या दिवशी एक रजिस्टर पुढं केलं, म्हणाले नमुना सही करा, इथून पुढं प्रत्येक रेकॉर्डवर अशीच पाहिजे. पेन धरून मी बसलेच दोन मिनिटं, कारण मला सही येत होती ती एकच, डॉ. वाली. शेवटी नुसतं नाव लिहिलं, जरा वाकडंच. तीच चालू आहे.

आज्जी अजून डॉक्टरीणच म्हणते. दिवाळीला बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप माझ्या हातात दिली, बघ गं, चांगल्या हायत का. मी उलटी करून बॅच नंबर, एक्सपायरी वाचून दाखवली. ती लगेच शेजारच्या मावशींना पण त्यांच्या गोळ्या घेऊन बोलवून आली.