थर्मोस्टॅट काढलेली गाडी

खंबाटकी घाट उतरला की सातारच्या बाजूला माझं गॅरेज आहे. मे महिन्यात पुण्याकडून घाट चढून आलेली एखादी गाडी दारात वाफा सोडत उभी राहणं हे नेहमीचंच. होज पाइप फुटलेला असतो, नाहीतर पंखा बंद पडलेला. तासाभरात गाडी मार्गी लागते. पण गेल्या उन्हाळ्यात आलेली एक पांढरी हॅचबॅक माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तिचा आजार कुणीतरी पद्धतशीर झाकून ठेवला होता.

२०१२ चं पेट्रोल मॉडेल. चालवणारा चाकणला कंपनीत कामाला असलेला पोरगा, मागच्या सीटवर त्याची आई. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून डिसेंबरात त्यानं १ लाख ८० हजारांना ही गाडी घेतली. निघाले होते पाटणकडं, गावच्या लग्नाला. घाटात काटा लाल पट्टीत गेला, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं तापलेल्या इंजिनवर गार पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या होत्या.

"काका, फक्त पाणी भरून द्या. कराड गाठलं की बघतो पुढचं."

मी इंजिन ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिक, ओढली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील-पट्टी, गेलेलं आणि पाणी ऑइलात उतरलेलं. अशा ऑइलवर गाडी हाणली की बेअरिंग धरतात आणि आख्खं इंजिन जाम होतं. "मावशी, गाडी आज हलणार नाही, पण तुमचं लग्न चुकणार नाही," म्हटलं आणि ओळखीच्या वडापवाल्याला, म्हणजे शेअर जीपवाल्याला, फोन लावला. पोरगा आईला पोचवून संध्याकाळी परत आला.

तोवर मी उघडायला घेतलं होतं. रेडिएटरमध्ये कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत द्रवाचा, थेंब नाही, नुसतं तांबूस पाणी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं असणार. क्षार बसून निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. पंख्याची वायर डायरेक्ट केलेली, चावी फिरवली की पंखा सुरू. आणि थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही.

हा छोटा वाल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, म्हणून इंजिन सकाळी लवकर गरम होतं. तो काढून टाकला की पाणी सारखं फिरत राहतं. बुजलेला रेडिएटरसुद्धा मग थंडीत, सपाट रस्त्यावर वेळ मारून नेतो. काटा वर चढत नाही, घेणारा खूश. इंजिन मात्र लवकर तापतच नाही, कॉम्प्युटरला ते गारच वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. पोराला विचारलं, ॲव्हरेज किती पडतं? म्हणाला, ११. गाडी जुनी आहे म्हणून पडत असेल, असं त्याला वाटत होतं. डिसेंबरातल्या ट्रायलमध्ये यातलं काहीच दिसणार नव्हतं. ते मे महिन्यात, एसी लावून घाट चढतानाच दिसायचं. हे काम आमच्याच धंद्यातल्या कुणाच्या तरी हातचं होतं. मला त्याचा फार राग आला.

हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्यातली, ०.१५ मिलिमीटरची पाती खाली सरकवली. मधोमध ती आरपार गेली. ॲल्युमिनियमचं हेड, आधीच तापून लाल, त्यात वरून गार पाणी, वाकणारच. तडा गेला नव्हता एवढं नशीब. पोराच्या हातात पाती दिली, त्यालाही करून बघायला लावलं. त्यानं दोनदा सरकवली आणि खालीच बसला.

हिशेब मी कागदावर मांडून दिला. हेडचं फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, नवा रेडिएटर आणि कॅप, थर्मोस्टॅट, पंख्याचा सेन्सर, कूलंट, ऑइल आणि मजुरी. हेड उतरलंच आहे तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही आत्ताच बदलायला लावले. नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. सगळं मिळून २४ हजारांच्या घरात.

त्याच कागदाच्या मागं पुढचे खर्चही लिहिले, कारण घेताना ते त्याला कुणी सांगितलेच नव्हते. टायरवर २३१६ असा आकडा होता, म्हणजे २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यातले टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन कडेला भेगा पडलेल्या. नोंदणीची १५ वर्षं २०२७ ला भरतात. फेरनोंदणीची फी २०२२ पासून ६०० ची ५ हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा, शिवाय पासिंगला गाडी तंदुरुस्त लागते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला मी सांगतो, किमतीच्या निदान पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करा. आणि गाडी बघायला भल्या सकाळी जा, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची कॅप स्वतः उघडा. आत हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट आहे की गंजाचं पाणी, ते बघा. गरम इंजिनची कॅप मात्र कधी उघडू नका, हात-तोंड भाजतं.

गाडी विकून टाकू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. बॉडी सडलेली नव्हती, गिअरबॉक्स गुळगुळीत होता, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरना सारखं आलं. विकली असती तर निम्मेसुद्धा पैसे हाती आले नसते, आणि पुढच्या गाडीत काय दडलंय ते कुणाला ठाऊक. त्यानं पैसे दोन हप्त्यांत दिले. आता गाडी १६ चं ॲव्हरेज देते. जुलैत मावशींना घेऊन तो घाट चढून आला, काटा निम्म्यावर स्थिर. टायर दिवाळीच्या बोनसवर घालायचे ठरलेत.