स्लिप्स म्हणजे टाय, कोफ्ता म्हणजे स्वेटर

स्वीडनमधल्या कपड्यांच्या दुकानात इंग्रजी येणारा माणूस अनोळखी शब्दांपाशी अडत नाही. तिथे तो मोबाइल काढतो, अर्थ बघतो आणि पुढे जातो. तो चुकतो ते ओळखीच्या शब्दांपाशी. ‘स्लिप्स’ अशी पाटी असलेल्या कप्प्यात पुरुषांचे टाय ठेवलेले असतात. ड्रेसच्या आत घालायची स्लिप हवी असेल तर ‘उंडरक्लेनिंग’ मागावी लागते. ‘कोस्त्यूम’ म्हणजे सूट, नाटकातला वेष नव्हे. ‘स्मोकिंग’ हा रात्रीच्या मेजवानीचा काळा सूट. ‘वेस्त’ म्हणजे सुटातलं बिनबाह्यांचं जाकीट, आणि ज्याला ब्रिटिश इंग्रजीत व्हेस्ट म्हणतात त्या बनियनला इथे ‘लिने’ म्हणतात. हाच ‘लिने’ शब्द लिनन कापडालाही आहे. त्यामुळे पाटीवर ‘लिने’ दिसलं म्हणून ते लिननचंच असेल असं नाही, शंभर टक्के सुती बनियनही असेल. कापडाची खात्री आतल्या शिवणीतल्या पट्टीवरच करावी.

आणि ‘कोफ्ता’. पुढून बटणं किंवा चेन असलेल्या विणलेल्या स्वेटरला, म्हणजे कार्डिगनला, स्वीडिशमध्ये कोफ्ता म्हणतात. डोक्यातून घालायचा स्वेटर ‘त्रोया’. त्रोया हा शब्द मात्र फार ऐसपैस आहे: जाड लोकरी स्वेटर, पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, फुटबॉल संघाची जर्सी, सगळं त्रोयात बसतं. शाळेतून ‘एक जास्तीची त्रोया पाठवा’ असा निरोप आला तर लोकरीचीच शोधत बसायची गरज नसते.

उच्चारांचं थोडं बघू, कारण दुकानात विचारायचं म्हटलं की खरी अडचण तिथेच येते. आ, ओ, उ या स्वरांपुढे ‘के’ हे अक्षर क असतं, पण इ, ए, य्यू, ऍ, अशा पुढच्या स्वरांपुढे आणि ‘जे’ (j) या अक्षरापुढे ते बहुतेक वेळा श होतं. म्हणून ‘काप्पा’ (बायकांचा कोट) क ने सुरू होतो, पण स्कर्टचा उच्चार ‘शूल’ आणि नाडीच्या दणकट बुटाचा उच्चार चक्क ‘शेंगा’. (एक बूट शेंगा, जोडी म्हटली की शेंगोर.) शर्टच्या शब्दाची सुरुवात जरा त्रासाची आहे: ओठ गोल करून ख आणि ह यांच्यामधून फुंकर मारल्यासारखा तो आवाज निघतो. पुढचा भाग मात्र आपल्याला फुकटात मिळतो. स्वीडिशमध्ये र आणि त एकत्र आले की ट होतो, र आणि स मिळून ष, र आणि न मिळून ण. म्हणून शर्ट म्हणजे जवळपास ‘हुट्टा’ आणि बालवाडी म्हणजे ‘फोष्कूला’. इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्यांना हे मूर्धन्य आवाज शिकावे लागतात. मराठी जिभेला ते जन्मापासून येतात.

आता ‘कोट’. इंग्रजीत हा एक शब्द पुरतो, स्वीडिशमध्ये आधी विचार करावा लागतो. कंबरेपर्यंत किंवा मांडीच्या सुरुवातीपर्यंतचं, चेनचं, बाई-पुरुष कुणीही घालावं असं ते ‘याक्का’. यातच पिसांचं असेल तर ‘दूनयाक्का’, कृत्रिम भरण घालून टाके मारलेलं असेल तर ‘तेक्याक्का’, आणि आत काहीच नसून फक्त पाऊसवारा अडवणारं असेल तर ‘स्कालयाक्का’. बायकांचा गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट ‘काप्पा’, पुरुषांचा तसाच कोट ‘रॉक’. सुटाचा वरचा भाग ‘कावाय’, जोर शेवटच्या अक्षरावर. उणे दहा तापमानात बाहेर पडण्यासाठी कोट हवाय आणि ऑनलाइन शोधात ‘कावाय’ टाकलं, तर ब्लेझर घरी येईल.

कावाय हा शब्द आमंत्रणपत्रिकेवर एकटाच लिहिलेला दिसला तर तो पोशाखाचा नियम असतो: पुरुषांनी सूट किंवा ब्लेझर आणि नीट पॅन्ट, बायकांनी त्याच तोलामोलाचा ड्रेस. ‘उद्दा कावाय’ लिहिलं असेल तर वरचं आणि खालचं कापड वेगळं चालतं. ‘मोर्क कोस्त्यूम’ म्हणजे गडद सूट, पांढरा हुट्टा आणि टाय. इथे जीन्स घालून गेलात तर कोणी काही बोलणार नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहील. सगळ्यात वरची पायरी ‘फ्राक’, म्हणजे मागे शेपट्या असलेला काळा कोट आणि पांढरा बो. दर वर्षी 10 डिसेंबरला स्टॉकहोमला नोबेल समारंभात पुरुषांना हाच असतो. त्याऐवजी राष्ट्रीय पोशाख चालतो, आणि ही सवलत आपल्याकडच्यांनी लाजत न वापरण्यासारखी आहे: 2019 साली अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी धोतर आणि बंदगळा घालून, तर त्यांच्या पत्नी आणि सहविजेत्या एस्थर डुफ्लो साडी नेसून पारितोषिक घ्यायला गेले होते. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर.) ऑफिसच्या डिसेंबरच्या जेवणाला पैठणी नेसायची की नाही असा प्रश्न पडत असेल तर उत्तर मिळालं.

पायांकडे येऊ. पॅन्ट ‘ब्युक्सोर’, नेहमी अनेकवचनी, आणि मोजताना ‘एत पार ब्युक्सोर’, एक जोडी. फॅशनच्या दुकानांत अलीकडे एकवचनी ‘ब्युक्सा’ सर्रास दिसतं; वस्तू तीच. ब्रिटिश इंग्रजीत पॅन्ट्स म्हणजे आतले कपडे, तो घोटाळा इथे होत नाही, कारण आतल्याला ‘उंडरब्युक्सोर’ असं सरळ नाव आहे. दुकानातल्या पाट्यांवर मात्र पुरुषांचे ‘कालसोंगर’ आणि बायकांचे ‘त्रूसोर’ असे वेगळे असतात. ‘स्त्रुम्पोर’ म्हणजे मोजे. इंग्रजी स्टॉकिंगसारखं वाटलं तरी साधे सुती मोजेही त्यातच. ‘सोकोर’ हा शब्द जाड मोज्यांना जास्त वापरतात. मोजे आणि पॅन्ट जोडली की ‘स्त्रुम्पब्युक्सोर’, म्हणजे टाइट्स.

हात आणि डोकं यांच्या बाबतीत इंग्रजी फारच ढोबळ पडतं. ‘हान्स्कार’ म्हणजे शिवलेले, बहुधा चामड्याचे, पाच बोटांचे हातमोजे. ‘वान्तार’ म्हणजे विणलेले किंवा भरण घातलेले. वान्तारमध्ये बोटं सुटी असतील तर ‘फिंगरवान्तार’, आणि फक्त अंगठा वेगळा असेल तर ‘तुमवान्तार’. लहान मुलांसाठी तुमवान्तारच घ्यावेत: चार बोटं एकमेकांना ऊब देतात आणि तीन वर्षांच्या मुलाची पाच बोटं पाच खोळींत घालण्याची कसरत वाचते. डोक्याला लोकरी टोपी ‘मोस्सा’, पुढे छज्जा असलेली ‘केप्स’, गोल कडेची ‘हात्त’. केप्स हे एकवचन आहे, इंग्रजी अनेकवचन उचलून त्याचं एकवचन केलेलं. दोन असतील तर ‘केप्सार’.

मुलांची फोष्कूला सुरू झाली की कपड्यांची यादी हातात पडते, आणि हे सगळं ज्ञान कामाला लागतं ते तिथे. मुलं जवळजवळ रोज बाहेर खेळतात, पावसातही आणि थंडीतही. यादीत पहिला असतो ‘ओवरोल’. अमेरिकन इंग्रजीतला खांद्यावर पट्ट्यांचा डंगरी हा प्रकार नव्हे (त्याला ‘हेंग्सेलब्युक्सोर’ म्हणतात), तर मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, आत भरण असलेला बर्फाचा पोशाख. विकत घेताना पट्टीवर ‘वात्तेनपेलारे’ हा आकडा बघायचा. कापड गळायला लागेपर्यंत त्यावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलला गेला, ते हा आकडा सांगतो. मूल ओल्या बर्फात बसतं आणि गुडघ्यांवर रांगतं तेव्हा तिथला दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून 5000 वर समाधान मानू नये. 8000 ते 10000 आणि शिवणींवर आतून टेप लावलेला, असा बघावा. ‘वात्तेनतेत’ म्हणजे जलरोधक. ‘वात्तेनआव्वीसान्दे’ म्हणजे पाणी नुसतं ओघळून जाईल असं. स्वस्त ओवरोलवर बहुतेक वेळा दुसरा शब्द असतो.

दुसरी वस्तू ‘गालोनिसार’: प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडाची, खांद्यावर पट्ट्या असलेली पावसाळी पॅन्ट. गालोन हे मूळ उत्पादनाचं नाव, ते सगळ्या प्रकारालाच चिकटलं. हे कापड पाणी आत येऊ देत नाही, तसंच घामही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे मूल आतून ओलं झालं की गळतीचा संशय उगाच शिवणीवर येतो. आत फ्लीसची पॅन्ट असावी. पॅन्टचे पाय गमबुटाच्या, म्हणजे ‘गुम्मिस्तोव्लार’च्या, बाहेरून सोडायचे आणि खालची रबरी पट्टी, ‘हेल्ला’, तळव्याखालून अडकवायची. पाय बुटात खोचले तर पँटवरून ओघळलेलं पाणी थेट मोज्यात जातं. हेल्ला तुटतातच, सुट्या मिळतात, एक जोडी घरात असू द्यावी.

सगळ्यात आत ‘उंडरस्तेल’, अंगाला चिकटून बसणारा वर-खाली असा जोड. भारतातून आणलेले सुती बनियन आणि पायजमे आपल्याकडची मंडळी हौसेने आत घालतात. थंडीत सुती नको, कारण ते घाम शोषून ओलंच राहतं आणि मूल खेळायचं थांबलं की तोच ओलावा थंडी वाजवतो. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. पातळ लोकर टोचते ही भीती मेरिनोच्या बाबतीत फारशी खरी नाही.

‘हाल्सदूक’ म्हणजे लांब स्कार्फ. यादीत तो नसेल तर विसरलेला नाही, मुद्दाम टाळलेला असतो: घसरगुंडीवर अडकून गळा आवळायचा धोका असतो. त्याऐवजी डोक्यातून घालायची गळपट्टी द्यावी. भारतातून आणलेल्या हुडीच्या गळ्यातल्या नाड्याही ओढून काढून टाकाव्यात. युरोपीय मानक एन 14682 प्रमाणे 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्यापाशी आणि मानेपाशी ओढायची नाडी चालत नाही.

मापं इथे वयावर नसून मुलाच्या उंचीवर असतात: 86, 92, 98, 104, असे 6 सेंटिमीटरच्या टप्प्याने. मूल 95 सेंटिमीटर असेल तर त्रोया 98 ची, ओवरोल 104 चा, कारण आत थर बसवायचे असतात. त्याहून मोठा घेऊ नये. पायात लोंबतो आणि मूल धडपडतं. बुटांचा एक नंबर म्हणजे साधारण दोन तृतीयांश सेंटिमीटर. हिवाळी बुटात पावलापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी, कारण घट्ट बुटात जाड मोजा घातला की हवेचा थर उरत नाही आणि बोटं गारठतात. पुरुषांच्या सुटाचा नंबर छातीच्या घेराच्या निम्मा: 100 सेंटिमीटर छाती म्हणजे 50.

धुण्याच्या पट्टीवर एकच दोन अक्षरी शब्द पाठ केला तरी पुष्कळ कपडे वाचतात: ‘एय’, म्हणजे नाही. ‘तोर्कतुम्लास एय’ म्हणजे ड्रायरमध्ये टाकू नका. ‘शेमत्वेत’ म्हणजे ड्रायक्लीन. ‘उल’ म्हणजे लोकर आणि ‘बुमुल’ म्हणजे कापूस. शेवट सारखा असल्याने घाईत दोन्ही एकाच ढिगात जातात. लोकर हे प्रथिन आहे, आणि नेहमीच्या पावडरीत डाग काढायला प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, ती डागाबरोबर स्वेटरही खातात. लोकरीसाठी वेगळा द्रव मिळतो. मशीनवर लोकरीचा कार्यक्रम, 30 अंश, आणि मग आडवं पसरून वाळवणं. इमारतीच्या सामायिक धुण्याच्या खोलीत, ‘त्वेत्स्तूगा’त, गरम हवेचं कपाट असतं, ‘तोर्कस्कोप’. तिथे ओला स्वेटर हँगरला टांगला तर तो स्वतःच्या वजनाने लांबतो. स्कालयाक्का धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. त्याच्या थरामुळे कापड पाणी झटकेनासं होतं.

घालून बघायची खोली ‘प्रूवरुम’. ‘देन पासार’ म्हणजे माप बसतं. ‘देन सित्तेर ब्रा’ म्हणजे अंगावर छान बसतं. बिल घेताना ‘ओपेत शोप’ किती दिवसांचं ते विचारावं: आवडलं नाही म्हणून परत करायची ती मुदत. दुकानात जाऊन घेतलेल्या मालावर असा हक्क कायद्याने मिळत नाही, दुकान देईल तेवढाच; ऑनलाइन खरेदीवर मात्र 14 दिवस कायद्याने मिळतात. कपड्यात मुळातच दोष निघाला तर तक्रारीची मुदत 3 वर्षं आहे, त्यासाठी पावती जपावी. त्रूसोर आणि कालसोंगर घालून बघून परत करण्याची आशा धरू नये, ते माप आधीच नीट घ्यावं.