भाकर, फ्लॅश आणि पाळकसाहेब

ख्रिश्चन लग्नाची ऑर्डर आली की आधी विचारायचं, "फादर की पाळकसाहेब?" नवी पेठेत स्टुडिओ टाकल्यापासूनची सवय. या एका उत्तरावर माझं निम्मं काम ठरतं.

फादर म्हणजे कॅथलिक. लग्न बहुधा मिस्सातच, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या मुख्य उपासनेत. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत आणि फादर भाकर वर उचलतात तेव्हा फ्लॅश बंद. भाकर म्हणजे नाण्यासारखी पातळ पांढरी चकती. पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्या प्रार्थनेनंतर ती भाकर राहतच नाही, साक्षात ख्रिस्ताचं शरीर होते. म्हणून उरलेल्या चकत्या पेटीत कुलूप लावून ठेवतात, जवळ एक दिवा सतत तेवत असतो. माझ्या हाताखालचा पोरगा एकदा प्रसाद समजून भाकर घ्यायच्या रांगेत निघाला होता, एका आजींनी दंड धरून मागं ओढला, "बाळा, तुझा बाप्तिस्मा झालाय का?"

पाळकसाहेबांकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे, तो दिवा नसतो. आपल्या भागातले जुने प्रोटेस्टंट बहुतेक अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांच्या, परंपरेतले. तिथं मान उपदेशाला, आणि उपदेश लांबतो की ओ! नवरीचा मेकअप उतरायला लागतो. पाळकीणबाई पुढच्या बाकावर असतात. फादरांना लग्नच नाही. प्रभुभोजनाला पावाचे तुकडे आणि इवल्या पेल्यांतून द्राक्षरस. तो प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून घ्यायचा, असं तिथले बरेच जण सांगतात.

मला वाटायचं, हा फरक थेट मार्टिन ल्यूथरपासूनचा. पापक्षमेची पत्रं विकण्याविरुद्ध 1517 मध्ये विटेनबर्गला 95 मुद्दे मांडणारा तो हाच. पोपपेक्षा पवित्र शास्त्र मोठं, हे त्याचंच म्हणणं. पण भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो, यावर ल्यूथर ठाम होता. आठवणीवर जोर दिला स्वित्झर्लंडच्या झ्विंग्लीनं. 1529 मध्ये मारबुर्गला दोघं समोरासमोर बसले, बाकी जवळजवळ सगळं जुळलं आणि या एका मुद्द्यावर फाटलं. एवढं भांडण झालेल्या घराण्यातल्या सहा मंडळ्या 1970 मध्ये आपल्या नागपुरात एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. मला तरी ही गोष्ट फार मोठी वाटते.

भाकरीवरून त्याआधीही वाजलं होतं. 1054 साली रोम आणि ग्रीकांचं कॉन्स्टँटिनोपल इथली चर्चं वेगळी झाली. मुख्य वाद पोपच्या अधिकाराचा, पण रोमवाले बेखमीर, म्हणजे न फुगवलेली, भाकर वापरतात आणि आम्ही खमिराची, हीसुद्धा ग्रीकांची मोठी तक्रार. तेच पुढं ऑर्थोडॉक्स.

केरळचे ऑर्थोडॉक्स मात्र त्यांच्यातले नव्हेत. त्यांची परंपरा 451 सालच्या कॅल्सेडॉनच्या परिषदेनंतर वेगळ्या झालेल्या चर्चांची. ख्रिस्ताचा देवपणा आणि माणूसपणा कसा सांगायचा, यावरून ती फूट पडली. एका मल्याळी नर्सबाईंच्या लग्नासाठी मला पुण्याला नेलं होतं. तिथं नवरा मिन्नू बांधतो, म्हणजे क्रूस असलेलं सोन्याचं छोटं पान. ते ओवायचे धागे लग्नाच्या साडीतूनच काढलेले. गाठ मानेमागं पडते, म्हणून कॅमेरा पाठीमागंच हवा आणि जागा आधीच धरलेली हवी. कारण तिथं वधूच्या मावश्या तुमच्या आधी पोचलेल्या असतात, मोबाइल काढून.